साहेबांच्या टेबलावर कागद कसा येतो: निक्सन, किसिंजर आणि रोजची मुत्सद्देगिरी

२८ एप्रिल १९७१ ही तारीख घातलेलं एक टिपण आज कुणालाही वाचता येतं. हेन्री किसिंजर यांनी ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासाठी, त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून लिहिलं होतं. विषय होता पाकिस्तान. ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, लष्कर रस्त्यावर उतरून महिना झाला होता आणि अमेरिकेने आता काय करावं, हा प्रश्न होता. टिपणात तीन पर्याय मांडलेले, शेवटी मंजुरीसाठी मोकळी जागा. निक्सन यांनी तिसऱ्या पर्यायापाशी आद्याक्षरं केली आणि पेनाने एक शेरा मारला. त्याचा मराठीत अर्थ असा: 'सर्वांसाठी. याह्यांना या घडीला पिळू नका.' याह्या म्हणजे पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान. मूळ इंग्रजी शेऱ्यातल्या 'डोन्ट' या शब्दाखाली तीन रेघा आहेत.

सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. फाईल पुटअप झाली, साहेबांनी शेरा मारला, फाईल खाली गेली. फरक एवढाच, की या शेऱ्याच्या दुसऱ्या टोकाला लाखो माणसं होती.

राष्ट्रप्रमुखांची मुत्सद्देगिरी म्हटलं की आपल्याला विमानाच्या शिडीवरून हात हलवणारा माणूस, झेंडे आणि हस्तांदोलन आठवतं. ते वर्षातून काही वेळा. बाकीचे सगळे दिवस हे काम कागद आणि फोन यांवर चालतं, आणि ते कागद एका विशिष्ट माणसाच्या हातून येतात. तो हात समजला की बरंच काही समजतं. निक्सन आणि किसिंजर यांची जोडी त्यासाठी सोयीची आहे, कारण जगातल्या फार थोड्या जोड्यांचं रोजचं बोलणं इतकं बारीक नोंदवलं गेलं आहे. त्यांचं कौतुक म्हणून मी हे उदाहरण घेत नाही, हे पुढे कळेलच.

आधी एक शब्दाचा घोळ सोडवू. भारताचे ते राष्ट्रपती आणि अमेरिकेचे ते राष्ट्राध्यक्ष, अशी आपल्या वर्तमानपत्रांनी वाटणी करून ठेवली आहे. दोघेही राष्ट्रप्रमुख, दोघेही नव्या राजदूतांची अधिकारपत्रं स्वीकारतात. पण आपल्याकडे परराष्ट्र धोरणाचा गाडा पंतप्रधान हाकतात. अमेरिकेत राष्ट्रप्रमुख आणि सरकारचा प्रमुख ही एकच व्यक्ती. सकाळी राजदूतासोबत फोटो आणि दुपारी त्याच्याच देशाला मदत द्यायची की रोखायची याची फाईल, सगळं एकाच टेबलावर.

त्या टेबलाशेजारी बसणारा माणूस म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. १९४७च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, पण या सल्लागाराचं पद त्या कायद्यात नव्हतं. ते राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५३ मध्ये सुरू केलं आणि रॉबर्ट कटलर यांना नेमलं. या नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागत नाही. परराष्ट्रमंत्र्यांना ती लागते, शिवाय त्यांना संसदेच्या समित्यांसमोर बसून उत्तरं द्यावी लागतात, हजारो कर्मचाऱ्यांचं खातं चालवावं लागतं. सल्लागाराच्या गळ्यात असं काहीच नाही. त्याच्याकडे जवळीक आहे. परराष्ट्र खात्याची इमारत पायी पंधरा-वीस मिनिटांवर. सल्लागार मात्र व्हाइट हाउसच्या आतच, दाराबाहेर पडून चार पावलं चाललं की राष्ट्राध्यक्ष समोर.

शिवकालीन अष्टप्रधानांत डबीर परराज्यांचा व्यवहार पाहत आणि वाकनीस राजाची रोजनिशी व भेटीगाठी सांभाळत. त्या हिशेबाने किसिंजर यांची नेमणूक वाकनिसाची होती आणि कामाला ते डबीर झाले. खरे डबीर, म्हणजे परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स, निक्सन यांचे जुने मित्र असूनही बाहेरच्या ओसरीवर बसून राहिले.

आता दिवस कसा सुरू होतो ते पाहू. व्हाइट हाउसच्या तळघरात 'सिच्युएशन रूम' नावाची जागा आहे. क्यूबातल्या 'बे ऑफ पिग्ज'वरच्या फसलेल्या स्वारीनंतर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये ती उभारली, कारण परराष्ट्र खातं, संरक्षण खातं आणि सीआयए यांच्या तारा आपल्याला आपल्याच घरात वाचता याव्यात, असं त्यांना वाटलं. रात्रभर जगभरच्या वकिलातींतून तारा येत राहतात. प्रत्येक तारेच्या माथ्यावर ती कुणी वाचायची याचा शिक्का. सर्वांत कडक शिक्का 'नोडिस', म्हणजे वाटप नाही. नावं ठरलेल्या मोजक्या माणसांनीच पाहायचं. तार कितीही महत्त्वाची असो, शिक्क्याने तिचे वाचक आधीच ठरलेले असतात.

या ढिगातून सकाळचा कागद तयार होतो. सीआयएचं रोजचं गुप्त वार्तापत्र केनेडींसाठी सुरू झालं. पहिला अंक १७ जून १९६१चा, आणि तो त्यांनी शनिवार-रविवारच्या मुक्कामी, पोहण्याच्या तलावावरच्या सूर मारायच्या फळीवर बसून वाचला. १ डिसेंबर १९६४ पासून त्याला 'प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ' हे नाव मिळालं. जॉन्सन यांना ते संध्याकाळी हवं असे. प्रत्येक राष्ट्राध्यक्षाची आपली तऱ्हा, आणि कागदाचा आकारउकार त्या तऱ्हेप्रमाणे बदलतो.

निक्सन यांची तऱ्हा अशी, की सीआयएचा माणूस समोर बसून सांगतोय ही पद्धतच त्यांना नको होती. गुप्तचरांचं वार्तापत्र किसिंजरांमार्फत जाई, आणि त्याच्यावर किसिंजरांच्या कार्यालयाचं स्वतःचं टिपण लावलेलं असे. इथे जरा थांबू. मोठ्या साहेबांपुढे पंचवीस पानांची फाईल ठेवली आणि वर दोन पानांचं टिपण लावलं, तर साहेब काय वाचतील? खालची पंचवीस पानं कितीही खरी असली तरी निर्णय वरच्या दोन पानांवर होतो. खोटं लिहावं लागत नाही. काय आधी, काय नंतर, कशाला एक वाक्य आणि कशाला परिच्छेद, एवढं ठरवता आलं की पुरे.

माझ्या मते सल्लागाराची खरी सत्ता इथे आहे. बंद दाराआडच्या कुजबुजीबद्दल उगाच जास्त लिहिलं जातं.

टिपणाचा दुसरा प्रकार म्हणजे पर्यायांचं टिपण. निक्सन यांना समोरासमोरचे वाद टाळायचे असत. बैठकीत मंत्री भांडतायत आणि आपण तिथल्या तिथे एकाची बाजू घ्यायची, हे त्यांना जमत नसे. ते ऐकून घेत, मग शेजारच्या कार्यालयीन इमारतीतल्या आपल्या दुसऱ्या खोलीत जाऊन पिवळ्या कागदांच्या पॅडवर लिहीत बसत आणि निर्णय कागदावर देत. त्यासाठी किसिंजरांनी एक साखळी बसवली होती. आधी क्रमांक घातलेलं अभ्यासपत्र निघे, निरनिराळी खाती त्यावर मसुदा तयार करत, तो मसुदा छाननी गटात येई, आणि त्या गटाचे अध्यक्ष खुद्द किसिंजर. चीनविषयक धोरणाचा फेरविचार करणारं अभ्यासपत्र क्रमांक १४ फेब्रुवारी १९६९ मध्ये निघालं, निक्सन सत्तेवर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

नोकरशाही पर्याय कसे मांडते यावर किसिंजरांचाच एक विनोद आहे: पहिला पर्याय अणुयुद्ध, दुसरा सध्याचंच धोरण, तिसरा शरणागती. टोकाचे दोन पर्याय नावापुरते. मधला निवडला जावा म्हणूनच त्यांची सोय. हा विनोद करणाऱ्या माणसाचं २८ एप्रिलचं टिपण मग त्याच नजरेने वाचायला हवं. पहिला पर्याय, काहीही झालं तरी पश्चिम पाकिस्तानची पाठराखण. दुसरा, तटस्थ राहायचं, म्हणजे प्रत्यक्षात पूर्वेकडे झुकायचं. तिसरा, याह्या खान यांना युद्ध थांबवून पूर्वेला काही स्वायत्तता देण्याकडे नेण्याचा प्रयत्न करायचा. किती समंजस वाटतो तिसरा! शिफारसही त्याचीच होती.

पण तीन आठवड्यांपूर्वी, ६ एप्रिलला, ढाक्याच्या अमेरिकी वकिलातीतून एक तार आली होती. वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या. आपल्या सरकारने जे धोरण ठेवलंय ते नैतिक दिवाळखोरीचं आहे, असं त्यात उघड म्हटलेलं. वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी ती आपल्या पाठिंब्यासह पाठवली. तिचं म्हणणं चौथा पर्याय म्हणून टिपणात आलं नाही. ब्लड यांची लवकरच ढाक्याहून बदली झाली.

आणि टिपणाच्या आदल्याच दिवशी, २७ एप्रिलला, वॉशिंग्टनमधले पाकिस्तानचे राजदूत आगा हिलाली किसिंजरांकडे एक निरोप घेऊन आले होते. तो चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांचा होता: अमेरिकेचा खास दूत पेकिंगला (आजच्या बीजिंगला) यायला हरकत नाही. हा दरवाजा उघडत होता याह्या खानांच्या हातून. 'याह्यांना पिळू नका' या ओळीचं अर्ध कारण आता आपल्याला कळतं. शेरा 'सर्वांसाठी' होता. ज्या सर्वांना तो पाळायचा होता त्यांतल्या बहुतेकांना या निरोपाचा पत्ता नव्हता.

या आडवाटेला त्या धंद्यात 'बॅकचॅनल' म्हणतात. मराठीत मी तिला परसदार म्हणेन, कारण पुढच्या दाराने राजदूत, परराष्ट्र खातं, शिक्के मारलेल्या तारा असं सगळं चालूच राहतं. परसदाराने येणाऱ्या निरोपांचं रूपही वेगळं. हिलाली आपल्या कागदावरून निरोप वाचून दाखवत. अमेरिकेचं उत्तर साध्या कोऱ्या कागदावर टाइप केलेलं. वर व्हाइट हाउसचं नाव नाही, खाली सही नाही. उद्या फुटलंच तर कुणाचं म्हणून दाखवणार? सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांच्यासाठीही असंच परसदार होतं, आणि तेही परराष्ट्र खात्याला वळसा घालूनच.

२ जूनच्या रात्री चाऊंचा पक्का होकार आला तेव्हा निक्सन निकाराग्वाचे अध्यक्ष सोमोझा यांच्यासाठीच्या शाही मेजवानीत होते. पाहुणे जाईपर्यंत किसिंजर थांबले, मग कागद पुढे केला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या कुठल्या राष्ट्राध्यक्षाला आलेला हा सर्वांत महत्त्वाचा निरोप, असं ते म्हणाले. दोघांनी ब्रँडीचे पेले भरले. एकाच संध्याकाळी, एकाच घरात पुढचं दार आणि परसदार.

जुलैत किसिंजर निघाले. दिल्लीत इंदिरा गांधींना भेटले, ८ जुलैला इस्लामाबादला पोहोचले, आणि मग पोटदुखीचं निमित्त पुढे झालं. साहेब नथियागलीच्या थंड हवेत विश्रांती घेत आहेत, असं पत्रकारांना सांगितलं गेलं. ९ तारखेच्या पहाटे साहेब पाकिस्तानी विमानाने पेकिंगच्या वाटेवर होते. रॉजर्स यांना या दौऱ्याची बातमी निक्सन यांनी दिली ती याच सुमारास, तीर कमानीतून सुटल्यावर.

इतक्या गुप्ततेत घोळ व्हायचा तो शर्टांचा झाला. किसिंजरांचे धुतलेले शर्ट सहायकाने वेगळे काढून ठेवले आणि ते मागेच राहिले. विमानात लक्षात आल्यावर जॉन होल्ड्रिज या सहा फुटांहून उंच सहकाऱ्याचे शर्ट उसने घेतले. बुटके, जाडसर किसिंजर त्या ढगळ शर्टांत चीनच्या पंतप्रधानांसमोर बसले, आणि शर्टांच्या आतल्या चिठ्ठीवर छापलेलं होतं: मेड इन तैवान. चर्चेचा सर्वांत अवघड विषय तैवानच होता. चाऊंशी सतराएक तास बोलणं झालं. मोहीम फत्ते झाल्याची खूण म्हणून 'युरेका' हा एकच शब्द तारेने वॉशिंग्टनला कळवायचा ठरलं होतं. तो गेला, आणि १५ जुलैला निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकलं की आपण स्वतः चीनला जाणार.

अशा भेटीची तयारी म्हणजे जाडजूड फायली. समोरचा काय बोलेल, आपण काय म्हणायचं, कुठल्या शब्दाला हात लावायचा नाही. यातल्या बोलायच्या मुद्द्यांना सगळेच 'टॉकिंग पॉइंट्स' म्हणतात. निक्सन मात्र अभ्यासू विद्यार्थ्यासारखे ते स्वतः उतरवून काढत. फेब्रुवारी १९७२ च्या दौऱ्यासाठी त्यांनी हाताने लिहिलेल्या टाचणात तीन मथळे आहेत: त्यांना काय हवं, आपल्याला काय हवं, दोघांना काय हवं. त्यांच्या खाली दोन-तीन शब्दांच्या ओळी. तैवान हा शब्द पहिल्या मथळ्याखाली, रशियाला लगाम हा मुद्दा तिसऱ्याखाली. राजकारणाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला मी आधी हे टाचण दाखवीन. पाठ्यपुस्तकाचं प्रकरण नंतर वाचलं तरी चालेल.

भेट झाली की खोलीतल्या आणखी दोन माणसांकडे पाहावं: दुभाष्या आणि टिपणं घेणारा. निक्सन पुष्कळदा समोरच्याचाच दुभाष्या चालवून घेत. कारण मासलेवाईक आहे. आपला दुभाष्या नेला तर तो परराष्ट्र खात्याचा, म्हणजे त्याची नोंद परराष्ट्र खात्यात जाणार. २१ फेब्रुवारी १९७२ला माओंच्या भेटीत दुभाष्या चिनी होत्या; अमेरिकेच्या बाजूने निक्सन, किसिंजर आणि टिपणं घ्यायला विन्स्टन लॉर्ड हा किसिंजरांचा तरुण सहायक. रॉजर्स त्याच शहरात होते, पण खोलीत नव्हते. परराष्ट्रमंत्री बाहेर आणि सहायक आत, हे जगाला दिसू नये म्हणून प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांतून लॉर्ड यांना कापून टाकलं गेलं.

टिपणं घेणाऱ्याच्या वहीतून जो कागद तयार होतो त्याला 'मेमकॉन' म्हणतात, संभाषणाचं टिपण. फोनवरच्या बोलण्याचं असेल तर 'टेलकॉन'. ती शब्दशः नोंद असतेच असं नाही. २०१९ मध्ये ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्या २५ जुलैच्या फोनचं पाच पानी टिपण गाजलं, तेव्हा त्यावरही स्पष्ट छापलेलं होतं की ही शब्दशः प्रत नाही; सिच्युएशन रूममधल्या कर्मचाऱ्यांनी ऐकून उतरवलेलं आहे.

किसिंजरांचे टेलकॉन मात्र जवळजवळ शब्दशः आहेत. त्यांच्या सेक्रेटरी दुसऱ्या जोडणीवरून निमूट ऐकत आणि लघुलिपीत उतरवून घेत. पुढे यंत्रावर ध्वनिमुद्रण करून टाइप होऊ लागलं. पलीकडच्या माणसाला सहसा याचा पत्ता नसे. तिकडे निक्सन यांनी फेब्रुवारी १९७१ पासून आपल्या कार्यालयात ध्वनिमुद्रण यंत्रं बसवली होती, आवाज झाला की आपोआप सुरू होणारी. जुलै १९७३ पर्यंत सुमारे ३,७०० तासांचं मुद्रण झालं. किसिंजरांना या यंत्रांची कल्पना बराच काळ नव्हती. थोडक्यात, राष्ट्राध्यक्ष सल्लागाराला नोंदवत होते आणि सल्लागार राष्ट्राध्यक्षांना.

म्हणून आपल्याला ५ नोव्हेंबर १९७१ची सकाळ ऐकता येते. आदल्या दिवशी इंदिरा गांधी आणि निक्सन यांची भेट झाली होती. इंदिराजींच्या बाजूला पी. एन. हक्सर, निक्सन यांच्या बाजूला किसिंजर. दोन्हीकडे एक नेता आणि एक सल्लागार. मेमकॉन वाचला तर भेट थंड पण सभ्य आहे. दुसऱ्या सकाळी निक्सन आणि किसिंजर आपापसात इंदिराजींबद्दल आणि भारतीयांबद्दल जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. २००५ मध्ये ते बाहेर आल्यावर किसिंजरांनी खेद व्यक्त केला. कागद आणि ध्वनिफीत शेजारी ठेवली की सरकारी कागदाची भाषा किती इस्त्री केलेली असते हे कळतं. आणि सल्लागार साहेबांच्या रागाला कधी थोपवतो, कधी त्यात फुंकर घालतो, तेही. त्या सकाळी फुंकरच होती.

सल्लागाराच्या कामाचा शेवटचा भाग कुठल्याच नियमपुस्तकात नसतो: साहेबांपर्यंत काय पोहोचू द्यायचं नाही. ११ ऑक्टोबर १९७३ची रात्र. सप्टेंबरपासून किसिंजर सल्लागार होतेच, वर परराष्ट्रमंत्रीही झाले होते. सहा तारखेला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला होता, दहा तारखेला उपराष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला होता, आणि निक्सन यांच्याभोवती वॉटरगेट घोटाळ्याचा फास आवळत चालला होता. आठ वाजायच्या सुमारास किसिंजरांचे दुय्यम ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांचा फोन आला. लंडनहून विचारणा आहे, पंतप्रधान हीथ अर्ध्या तासात राष्ट्राध्यक्षांशी बोलू इच्छितात, विषय पश्चिम आशिया.

नाही म्हणून सांगता येईल का, किसिंजरांनी विचारलं. मघाशी बोललो तेव्हा राष्ट्राध्यक्षांना चढलेली होती.

राष्ट्राध्यक्ष उपलब्ध नाहीत असं कळवू, हवं तर हीथ तुमच्याशी बोलू शकतील, स्कोक्रॉफ्ट म्हणाले. तसंच ठरलं: राष्ट्राध्यक्ष आपल्या वेळेनुसार उद्या सकाळी बोलू शकतील. किसिंजरांनी फोन ठेवला, आणि हे संभाषणही नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे टाइप होऊन फाईलला लागलं.